रुग्णालयातील बालकांची दिवाळी

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण आहे, तसाच तो मुलांचा सण आहे. सहामाही परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागते, दारावर आकाशकंदील चढतो, गच्चीच्या कोपऱ्यात किल्ल्याची माती पडते आणि स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो. हे चित्र केवळ महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी समाजाने आपले सणवार तितक्याच निष्ठेने जपले आहेत. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील राजेंद्र नगर ही वसाहत तेथील मराठी कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखली जाते, आणि तेथील दिवाळी पुण्या-नाशिकच्या दिवाळीहून फारशी निराळी नसते.

परंतु प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वर्षी, असे एखादे घर असतेच की जेथे कंदील लागतो, पण त्याच्याखाली उभे राहणारे मूल घरात नसते. ते शहरातल्याच एखाद्या रुग्णालयाच्या बालरोग कक्षात असते, किंवा उपचारासाठी थेट मुंबईला गेलेले असते. अशा बालकासाठी सणाच्या दिवसांत रुग्णालयाने, समाजाने आणि कुटुंबाने काय करावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. खाऊ वाटला, भेटवस्तू दिल्या, छायाचित्रे काढली की कर्तव्य पार पडले, अशी समजूत सर्वत्र आढळते. बालरुग्णांच्या मानसिक गरजांचा जगभर जो अभ्यास झाला आहे, तो मात्र वेगळे सांगतो. सणाच्या दिवशी बालकाला सर्वाधिक गरज असते ती भेटवस्तूची नव्हे, तर पुढे काय घडणार आहे हे त्याला खरेपणाने सांगणाऱ्या, त्याच्याशी खेळणाऱ्या आणि उद्याही परत येणाऱ्या माणसाची.

या गरजेतूनच एक स्वतंत्र कार्यशाखा निर्माण झाली. पाश्चात्त्य देशांत ती ‘चाइल्ड लाइफ’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला अद्याप सर्वमान्य नाव लाभलेले नाही. प्रस्तुत लेखात सोयीसाठी या कामास ‘बालसाहाय्य’ आणि ते करणाऱ्या व्यक्तीस ‘बालसाहाय्यक’ असे म्हटले आहे.

मागे कोण उरते?

सण जवळ आला की रुग्णालयाची घडी बदलते. सुट्टीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद राहतो, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि ज्यांची प्रकृती सुधारली आहे अशा मुलांना शक्य तितक्या लवकर घरी पाठविले जाते. हे सर्व योग्यच आहे. मात्र त्याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कक्षात मागे उरतात ती सर्वाधिक आजारी मुले, किंवा ज्यांचे घर फार दूर आहे अशी मुले. त्याच वेळी कर्मचाऱ्यांची संख्या कमी झालेली असते, नेहमीची परिचारिका रजेवर असते आणि आठवड्यातून एकदा गोष्टी सांगायला येणारी स्वयंसेविका स्वतःच्या घरच्या फराळात गुंतलेली असते. ज्या वेळी सोबतीची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी सोबत सर्वांत कमी, अशी ही स्थिती होय.

याशिवाय दिवाळीचे स्वतःचे रुग्ण असतात. फटाक्यांनी भाजलेली, डोळ्याला इजा झालेली मुले याच दिवसांत दाखल होतात. पावसाळा संपता संपता वाढणाऱ्या डेंग्यूसारख्या तापांचे रुग्णही असतात. भाजलेल्या मुलाच्या वेदनेला आणखी एक पदर असतो, तो अपराधीपणाचा. ‘सांगत होते ना, फुलबाजी सांभाळून धर म्हणून!’ हे आईच्या तोंडून काळजीपोटी निघालेले वाक्य मुलाच्या मनात शिक्षेसारखे रुतून बसते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आजार आणि शिक्षा यांतला फरक कळत नाही. आपण हट्ट केला म्हणून आपल्याला येथे आणले, असा त्याचा समज होऊ शकतो. हा समज औषधाने जात नाही. ‘तुझ्यामुळे हे झाले नाही’ हे कोणीतरी त्याला स्पष्ट शब्दांत, आणि एकदा नव्हे तर अनेकदा, सांगावे लागते.

विचाराचा उगम

रुग्णालयातील बालकाच्या मनाचा विचार ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून मोजक्या वेळीच भेटीची मुभा असे. आई आली की मूल रडते, गेली की आणखी रडते, म्हणून तिने येऊच नये, असा तर्क त्यामागे होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा चित्रपट तयार करून या तर्काला धक्का दिला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका लहान मुलीच्या वागण्यात दिवसागणिक होत गेलेला बदल त्यांनी कॅमेऱ्याने टिपला होता. आईपासून दुरावलेले मूल प्रथम आक्रोश करते, मग खिन्न होते आणि अखेरीस अलिप्त होते, असे निरीक्षण त्यांनी मांडले. ही तिसरी अवस्था सर्वांत फसवी असते. मूल रडायचे थांबते, सांगितले ते ऐकते, आणि कक्षातील सर्वजण त्याला ‘शहाणे बाळ’ म्हणू लागतात. वस्तुतः ते शहाणे झालेले नसते, त्याने आशा सोडलेली असते.

डॉक्टरमंडळींनी या चित्रपटाला प्रारंभी कडाडून विरोध केला. परंतु १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने आपल्या अहवालात पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे, लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय करावी आणि रुग्णालयात खेळ व शिक्षण यांची व्यवस्था असावी, अशा शिफारशी केल्या. तत्पूर्वी, १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील रुग्णालयात एमा प्लँक या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी बालरुग्णांसाठी असा एक उपक्रम सुरू केला होता. त्यांचे शिक्षण व्हिएन्ना येथे माँटेसोरी पद्धतीत झालेले होते. त्यांचे ‘वर्किंग विथ चिल्ड्रेन इन हॉस्पिटल्स’ हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे या कार्याचा तो पाया ठरला. १९८२ साली अमेरिकेत या क्षेत्रातील व्यावसायिकांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

माँटेसोरींच्या विचाराचा हा धागा महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांचे वैशिष्ट्य हेच होते की महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्या वस्तूंतून मूल शिकते, असे त्यांनी दाखवून दिले. अंगणवाडी हा आज घराघरांत पोहोचलेला शब्द त्याच परंपरेतून आला आहे. बालरुग्णासाठी खेळ म्हणजे परदेशी खेळण्यांची खोली, असे समजण्याचे कारण नाही, हा धडा या परंपरेतून सहज मिळतो.

आपल्या रुग्णालयांची एक जमेची बाजूही नोंदविली पाहिजे. इंग्लंडमध्ये आईला कक्षात राहू देण्यासाठी जी चळवळ करावी लागली, ती आपल्याकडे करावी लागली नाही. आपल्या सरकारी रुग्णालयात आई खाटेशेजारी चटई टाकून राहतेच. उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला. सुई टोचण्याचा वा ड्रेसिंग बदलण्याचा क्षण आला की नेमके त्याच वेळी आईला बाहेर थांबावयास सांगितले जाते. ज्या क्षणासाठी तिची सोबत हवी, तोच क्षण मूल एकट्याने सोसते.

बालसाहाय्यक काय करतो?

बालसाहाय्यक हा करमणूक करणारा नव्हे आणि उपचार करणाराही नव्हे. बालकाला उपचार समजावेत, सोसवावेत आणि त्यातूनही त्याचे बालपण चालू राहावे, यासाठी तो झटतो. त्याच्या कामाचे मुख्यतः तीन भाग सांगता येतील.

पहिला भाग पूर्वतयारीचा. पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला सलाइनची सुई लावावयाची आहे असे समजा. ‘काही दुखणार नाही’ असे सांगणे ही सर्वांत वाईट सुरुवात होय, कारण दुखताच सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी मूल अधिक घाबरते. ‘थोडे टोचेल, पाच आकडे मोजेपर्यंत. मग सुई निघून जाईल आणि मऊ नळी तेवढी राहील’, हे खरे आहे आणि मुलाला पेलणारेही आहे. त्याआधी कापडी बाहुलीच्या हाताला तीच पट्टी, तीच नळी त्याच्याच हाताने लावून पाहू द्यावी. जे मूल बाहुलीला चार वेळा सलाइन लावते, ते स्वतःच्या वेळी काय होणार हे जाणून असते. दुसरी गोष्ट निवडीची. सुई टाळणे मुलाच्या हातात नसते. पण उजवा हात की डावा, आईच्या मांडीवर की शेजारी, पाहायचे की तोंड फिरवायचे, हे ठरविणे त्याच्या हातात देता येते. ज्याच्या हातून सर्व काही काढून घेतले गेले आहे, त्याला एवढी लहानशी सत्ताही मोठा धीर देते.

दुसरा भाग वेदना कमी करण्याचा. मुलाला उताणे झोपवून चौघांनी धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर उभे बसवून धरले तर भीती कमी होते. तान्ह्या बाळाला सुई टोचताना अंगावर पाजल्यास वेदना कमी जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्याबाबत जे मार्गदर्शन केले, त्यात बाळाला पालकाने धरणे आणि स्तनपान या दोन्ही उपायांचा समावेश आहे. मोठ्या मुलांना साबणाचे फुगे फुंकावयास दिले तर श्वास आपोआप लांब होतो आणि लक्षही वेधले जाते. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही.

तिसरा भाग खेळाचा. खेळात मूल आपल्यावर जे गुदरले ते पुन्हा मांडते. फरक एवढाच की या वेळी सूत्रे त्याच्या हाती असतात. बाहुलीला रागाने दहा इंजेक्शने देणारे मूल दुष्ट नसते. ते आपल्या मनावरचे ओझे उतरवीत असते. जवळ बसून पाहणाऱ्या जाणत्या माणसाला त्या खेळातून पुष्कळ कळते. एखादे मूल बाहुलीला पट्टी बांधून ‘आता तिची आई कधीच येणार नाही’ असे म्हणते, तेव्हा ते जे प्रश्न डॉक्टरांना विचारू शकत नाही, तेच विचारीत असते.

वयानुसार गरज बदलते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तीन वर्षांखालील बालकाचे सर्व जग म्हणजे आई. शाळकरी मुलाला शरीरात नेमके काय बिघडले याचे कुतूहल असते आणि शाळा बुडाल्याची चिंता असते. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना केस गळाल्याची लाज वाटते, मित्रमैत्रिणींपासून तुटल्याचे दुःख असते आणि तपासणीच्या वेळी पडदा ओढलेला हवा असतो. सहा महिन्यांच्या बाळापासून बारावर्षीयापर्यंत सर्वांना एकच खुळखुळा वाटणे हे म्हणूनच निरर्थक ठरते.

कक्षातील सण

सणाच्या दिवसांत हे काम थांबवावयाचे नसते, सणाच्या साधनांनी पुढे न्यावयाचे असते. त्यासाठी वसुबारसेच्या आठवडाभर आधीच प्रत्येक खाटेची एक छोटी नोंद तयार करावी. मुलाचे वय, बोलीभाषा, आहारातील पथ्य, हालचालीवरील बंधन, घरी कधी जाण्याची शक्यता आहे आणि घरी कोणता सण कसा साजरा होतो, एवढी माहिती पुरेशी असते. ही नोंद इन्चार्ज सिस्टरच्या संमतीने ठेवल्यास रजेवरून बदलून आलेल्या परिचारिकेलाही तिचा उपयोग होतो.

किल्ला हा मराठी मुलांच्या दिवाळीचा प्राण. रुग्णालयात मात्र बागेतली माती आणणे योग्य नव्हे. कर्करोगावरील औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, अशा मुलांना मातीतल्या बुरशीपासून धोका असतो. पुठ्ठा, जाड कागद आणि धुता येण्याजोगे ठोकळे यांचा किल्ला चाकांच्या टेबलावर रचला, तर तो या खाटेपासून त्या खाटेपर्यंत नेता येतो. एकाने बुरूज चिकटवावा, दुसरीने झेंडा रंगवावा आणि ज्याचे दोन्ही हात पट्ट्यांत आहेत त्याने महादरवाजा कोणत्या बाजूला असावा ते ठरवावे. तो आज्ञा देतो आणि बाकीचे मावळे होतात. अशा मुलाला किल्लेदार करणे हेच त्या दिवसाचे बालसाहाय्य होय.

कंदील कागदाचा असावा, पण त्यात ज्योत नसावी. प्राणवायूचा वापर असलेल्या कक्षात पणती, उदबत्ती वा फुलबाजी पूर्णपणे वर्ज्य आहे. तेथे बॅटरीवरचे दिवेच लावावेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान शक्य नसलेल्या मुलाचे अंग कोमट पाण्याने पुसून, परिचारिकेच्या परवानगीने, धडधाकट त्वचेवर सुगंधी तेलाचे एक बोट लावले तरी घरच्या पहाटेची ओळख पटते. जखम वा भाजलेल्या जागेजवळ तेल-उटणे कदापि लावू नये. फराळाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. मूत्रपिंडाच्या विकारात मीठ कमी करावे लागते, तेथे चिवडा-चकली चालत नाही; मधुमेही बालकाला लाडू मोजूनच द्यावा लागतो; आणि शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या मुलाच्या डोळ्यांदेखत शेजारच्या खाटेवर करंज्या वाटणे यासारखी निष्ठुरता नाही. फराळ वाटावयाचा तर आधी आहारतज्ज्ञास विचारूनच वाटावा.

फटाक्यांच्या आवाजाचाही विचार करावा. फटाक्याने भाजलेले मूल बाहेरच्या प्रत्येक स्फोटाने दचकते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात, आवाज होणार हे त्याला आधी सांगावे आणि त्या वेळी कोणीतरी त्याच्या खाटेशी बसून राहावे.

भाऊबीजेचा दिवस सर्वांत कठीण. संसर्गाच्या भीतीने अनेक कक्षांत लहान भावंडांना प्रवेश नसतो. राजेंद्र नगरातल्या घरी राहिलेल्या सात वर्षांच्या बहिणीला भाऊ कोठे आहे हे ठाऊक असते, पण कसा आहे हे ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नसते, ते मुले मनाने वाईटच कल्पितात. घरातल्या सर्वांचे लक्ष आजारी मुलाकडे गेल्याने तिची स्वतःची दिवाळीही हरवलेली असते. डॉक्टरांची परवानगी असल्यास, सर्दी-ताप नसल्याची खात्री करून, हात धुऊन आणि मुखपट्टी लावून दहा मिनिटांची भेट घडवावी. ते शक्य नसेल तर काचेपलीकडून ओवाळणे, दूरध्वनीवर एकमेकांना पाहणे, किंवा तिने काढलेले चित्र खाटेवर लावणे एवढे तरी करावे. तिला आधीच सांगावे की भावाच्या नाकाला नळी आहे, ती त्याला मदत करते. अनपेक्षित दृश्याची भीती त्यामुळे टळते.

भाषा आणि कोणाचा सण

इंदूरच्या शासकीय रुग्णसेवेचे केंद्र म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘एम. वाय.’. १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी ते संलग्न असून मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालयही त्याच परिवारात आहे. येथे इंदूर शहराबरोबरच धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात. साहजिकच एका कक्षात मराठी, हिंदी, माळवी, निमाडी आणि भिली बोलणारी मुले शेजारी शेजारी असतात. आपल्या नंदुरबार-धुळे जिल्ह्यांतील रुग्णालयांतही हीच परिस्थिती आहे.

भिली बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला परिचारिकेचे एकही वाक्य समजत नाही तेव्हा बाहुली आणि चित्र हीच भाषा होते. सुई, पट्टी, निजलेले मूल, जागे झालेले मूल आणि शेवटी घर, अशी पाच चित्रे ओळीने दाखविली तर पुष्कळसे काम होते. त्याचबरोबर हेही विसरू नये की प्रत्येक घरचा मोठा सण दिवाळीच असतो असे नाही. पश्चिम निमाड व झाबुआकडील भिल्ल कुटुंबांत होळीपूर्वीच्या भगोरियाचा उत्साह निराळाच असतो. इंदूरची रंगपंचमी प्रसिद्ध आहे. कोणाची ईद असते, तर कोणाचा नाताळ. ‘तुमच्या घरी काय करतात?’ हा प्रश्न विचारणे हा बालसाहाय्याचा भाग आहे. उत्तरादाखल आई जे सांगू लागते, त्यातून ती रुग्णाची केवळ राखणदार न राहता पुन्हा घरची कर्ती होते.

घरापासून दूर

इंदूर-माळव्यातील अनेक कुटुंबांना कर्करोगासारख्या आजारात मुंबई गाठावी लागते. परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि १९२९ सालापासून मुलांसाठीच कार्य करणारे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय ही नावे मध्य भारतातील पालकांनाही परिचित आहेत. उपचार महिनोन्महिने चालतात, आणि मूल रुग्णालयात दाखल नसतानाही कुटुंबाला शहर सोडता येत नाही. अशा कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेसारख्या संस्थांनी मोठे कार्य केले आहे. २००६ साली परळ येथे सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवास देताना त्यास आहार, समुपदेशन आणि मुलांचे शिक्षण यांची जोड दिली. घरापासून दूर असलेल्या मुलाला खाटेइतकीच दिनक्रमाची गरज असते, हे तत्त्व या जोडीतून दिसते.

अशा ठिकाणी सण साजरा करताना एका कठीण प्रसंगाला सामोरे जावे लागते. एखादे बालक बरे होणार नाही, हे डॉक्टरांना व पालकांना ठाऊक असते. तेथे तिथीची वाट पाहण्याचे कारण नाही. कुटुंबाची इच्छा असेल तर पाडवा आधी साजरा करता येतो, घरच्यांना आधी बोलावता येते. मूल प्रश्न विचारील, तर त्याला पेलेल इतके खरे सांगावे. त्याच्या वेदनेचे शमन करावे आणि त्याला एकटे ठेवू नये. सण लवकर आणणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. हाती असलेले दिवस मुलाच्या नावे करणे होय.

दात्यांसाठी काही सूचना

दिवाळीत रुग्णालयास भेट देण्यास इच्छुक असलेल्या मंडळांचा व कुटुंबांचा हेतू उदात्तच असतो. त्याला योग्य दिशा मिळावी म्हणून पुढील बाबी अगत्याच्या आहेत. भेटीपूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांशी संपर्क साधावा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून रुग्ण आणि समाज यांमधील हा दुवा आपल्या व्यवस्थेत आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा. सर्दी-खोकला असलेल्याने कक्षात जाऊ नये. धुता न येणारी केसाळ खेळणी देऊ नयेत. भेटवस्तू कार्यालयात द्याव्यात व पालकांच्या हस्ते मुलांना मिळतील अशी व्यवस्था करावी. महिनाभर काहीही विकत घेऊन देऊ न शकलेल्या बापाला आपल्या हाताने मुलाला काही देता येणे, ही मुलाइतकीच त्याचीही दिवाळी असते. पालकांच्या लेखी संमतीवाचून छायाचित्र काढू नये, आणि मूल नको म्हणाले तर संमती असूनही काढू नये.

गोष्टीचे पुस्तक ही उत्तम भेट होय. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळातर्फे १९७१ सालापासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे काही अंक कक्षाच्या कपाटात असले, तर ते मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नसते. आणि सर्वांत मोलाची देणगी वेळेची. एका दिवशी पन्नास माणसांनी येण्यापेक्षा एकाच माणसाने वर्षभर आठवड्यातून दोन तास येणे श्रेयस्कर, कारण आषाढातल्या पावसात, कोणताही सण नसताना, बालरोग कक्षात फारसे कोणी फिरकत नाही.

शासकीय व्यवस्थेतील स्थान

खेळणे हा बालकाचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात मान्य करण्यात आले असून भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या दहा पायऱ्यांपैकी एक पायरी खेळातून उत्तेजन व भावनिक आधार ही आहे, आणि आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत तिचा अवलंब अपेक्षित आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘मुस्कान’ उपक्रमात शासकीय रुग्णालयांतील सेवा बालस्नेही करण्यावर भर आहे. म्हणजे बालसाहाय्याचे तत्त्व आपल्या व्यवस्थेला परके नाही. त्यासाठी स्वतंत्र पदे सर्वत्र नसली, तरी ते काम परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, आहारतज्ज्ञ आणि कक्षातील मामा-मावशी यांनी वाटून घेता येते. सफाई करता करता मुलाशी रोज चार शब्द बोलणारी मावशी अनेकदा त्याची सर्वांत विश्वासाची व्यक्ती असते. तिलाही या प्रशिक्षणात सामावून घेतले पाहिजे.

प्रारंभ करण्यास फार सामग्री लागत नाही. कापडी बाहुली, सुई काढून टाकलेली पिचकारी, पट्ट्या, चित्रांची पाच पाने, साबणाचे फुगे, खडू आणि धुता येणारे ठोकळे एवढे एका पेटीत मावते. पेटीवर कुलूप नसावे आणि ती सांभाळणारे एक नाव निश्चित असावे. त्या व्यक्तीने सुट्टीवर जाताना पेटी कोणाच्या हाती दिली, याची नोंद कर्तव्यसूचीत असावी. सणाच्या काळात जसा तातडीचा डॉक्टर नेमला जातो, तसाच बालकांशी बोलणारा माणूसही नेमला जावा, एवढीच ही मागणी आहे.

या कार्याची खरी कसोटी दिवाळीच्या दिवशी लागत नाही. ती लागते भाऊबीजेनंतरच्या सकाळी, जेव्हा कंदील उतरविले जातात, पाहुणे गेलेले असतात आणि मुलाच्या हाताची सलाइन बदलावयाची असते. त्या सकाळी मुलाला आधी सांगणारे, आईला जवळ बसू देणारे आणि ‘उजवा की डावा?’ असे विचारणारे कोणी तेथे असेल, तर त्या रुग्णालयात दिवाळी खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.